खुर्ची रिकामी, नाव हजर

ती घटना आठवली की आजही मला आधी आठवतात त्या आमच्या ठाण्यातल्या कॉम्प्युटर विभागाच्या हवालदार बाई. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मुकुंदवाडीतला औषधांचा एक होलसेल व्यापारी तक्रार अर्ज घेऊन आला. त्याच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका हॉस्पिटलचं बिल उघडत नव्हतं. उघडायला गेलं की पडद्यावर यायचं, हे बिल दुसरा वापरकर्ता वापरत आहे. खाली नाव यायचं त्यांच्या अकाउंटंट मुलीचं, आणि ती तर आदल्याच दिवशी नोकरी सोडून कन्नडला गावी गेली होती. बिल निघेना, म्हणून औषधं गोदामात पडून. मालक तापले होते. घरी बसून ती मुद्दाम अडवते आहे, गुन्हा दाखल करा, असा त्यांचा हेका. त्यातच ठाण्यात एक निनावी फोन आला, की जाताना ती म्हणाली होती, मी गेल्यावर कळंल तुम्हाला. अर्ज आणि खबर चपखल जुळत होती. इतकं जुळलं की मी सावध होतो. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करायची ठरवली.

मुलगी वडिलांसोबत आली. तलाठी म्हणून तिची निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. या वेळी गुन्हा दाखल झाला असता तर हातातोंडाशी आलेली नोकरी अडकली असती. वडील बाकावर मान खाली घालून बसले होते. बाईंना शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"रागात बोलले, व्हय," ती म्हणाली. "पण मुद्दाम काही केलं नाय साहेब. बिल उघडं होतं, लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडला. मी तशीच उठून बस धरली."

बाईंनी विचारलं, सर्व्हरही बंद पडला होता का? तो इन्व्हर्टरवर चालतो, असं तिनं सांगितलं. बाई माझ्याकडे वळल्या.

"साहेब, पहारेकरी चार्ज न देता घरी गेला, तर डायरीत पहारा कुणाच्या नावावर राहतो?"

गेलेल्याच्याच नावावर! पुढचं मला कुणी सांगावं लागलं नाही.

आम्ही सगळे दुकानात गेलो. बाईंनी मालकांना त्यांच्याच नावानं दुसरं एक बिल उघडायला लावलं आणि त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढली. मग शेजारच्या कॉम्प्युटरवर तेच बिल उघडून पाहिलं. पडद्यावर मालकांचं नाव आलं. मालक तर हाताची घडी घालून आमच्यात उभे होते! ते दोनदा पडद्याकडे वाकले आणि मग मुलीच्या वडिलांसाठी त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. सॉफ्टवेअरवाल्यानं सर्व्हरवरची ती दोन्ही अडकलेली सत्रं, म्हणजे बंद न झालेली लॉगिनं, बंद केली, बिलं उघडली, औषधं सुटली. मालकांनी अर्ज मागे घेतला आणि मुलीची माफी मागितली. माणूस मनानं वाईट नव्हता, घाबरला होता.

कागदावर किंवा पडद्यावर नाव दिसलं म्हणजे माणूस तिथं होताच असं नाही, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या अंमलदाराला सांगत आलो.

निवृत्तीनंतर वारस नोंदीच्या कामासाठी एका तलाठी कार्यालयात गेलो, तर खुर्चीत तीच. मला पाहून ती उठली आणि लगेच परत बसली. "एक मिनिट साहेब, आधी लॉगआउट करते," म्हणाली. मग पाया पडली, चहा मागवला.

घरी येताच बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या हसल्या.

"म्हणजे पोरगी आता चार्ज देऊन उठती म्हणायचं."