परब सर आणि एक जून

सोमवार, ८ जुलै, सकाळी दहा वाजून चार मिनिटे. अंधेरीच्या कचेरीत परब सरांनी माझा रजेचा अर्ज दोन बोटांत धरून परत केला. "८ नाही, ०८. शून्य काय घरी विसरलीस?" रजा कशासाठी हवी, हे त्यांनी विचारले नाही. रकाने भरलेले असले की माणसाची चौकशी संपली, अशी त्यांची धारणा होती.

आम्ही रुग्णालयांसाठी संगणकप्रणाली लिहीत असू. तिच्या केंद्रस्थानी 'रुग्ण' हा ऑब्जेक्ट होता: एका माणसाची सगळी माहिती बांधून ठेवणारा, एकदाच लिहून प्रत्येक रुग्णालयात वापरायचा. तो परबांनी रचलेला. त्याचे नियमही त्यांनी त्याच्या पोटातच कोंबले होते. पूर्ण जन्मतारखेशिवाय नोंद होत नसे. आणि नाव व तारीख जुळली की दोन नोंदींची एक होई. अकरा वर्षांत तो एकदाही कोसळला नव्हता, हे मी मान्य करते.

मोजमापासोबत त्याची अनिश्चितताही लिहावी, हे मी एम.एस्सी.ला शिकले होते. म्हणून मी प्रस्ताव मांडला: नियम ऑब्जेक्टबाहेर काढावेत आणि गरजेप्रमाणे विभागागणिक जोडावेत. तारीख ठाऊक नसेल तिथे 'अंदाजे सत्तर' चालावे. पण अशा नोंदी आपोआप एक करू नयेत. परबांनी तो सर्वांसमोर मोठ्याने वाचला, प्रत्येक वाक्यानंतर "कशाला?" असे विचारत.

"काय गो एमेस्सी, अंदाजे म्हणजे काय? हा डेटा की पारावरच्या गप्पा?"

"सर, कित्येक आजींना जन्मतारीख ठाऊकच नसते. काउंटरवरचे लोक मग एक जून टाकतात."

"टाकतात ना? मग झालं तर! माझा ऑब्जेक्ट उपाशी नाही राहत."

एक जून ही शाळामास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाटलेली तारीख. जूनमध्ये शाळा उघडे, तोवर मुलाचे वय भरायला हवे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांनाही काउंटरवर तीच मिळे.

ऑगस्टमध्ये मुलुंडच्या एका रुग्णालयात दोन सुशीला सावंत दाखल झाल्या. दोघींना एक जून १९५१ ही तारीख मिळाली आणि प्रणालीने दोघींची एक बाई केली. दुसरीचा 'ॲलर्जी नाही' हा शेरा पहिलीच्या पेनिसिलिनच्या इशाऱ्यावर जाऊन बसला. पहिलीसाठी इंजेक्शन भरले गेले. उशाशी बसलेली तिची मुलगी ओरडली, "ओ सिस्टर, थांबा! आईला हे चालत नाही. लिहून दिलंय ना तुम्हाला!" ती बाई वाचली ती आमच्या प्रणालीमुळे नव्हे.

मी घटनेचा अहवाल परबांसमोर ठेवला. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. हा माणूस आता नमेल, असे मला क्षणभर वाटले. मग त्यांनी कीबोर्ड ओढला आणि ऑब्जेक्टच्या पोटात आणखी एक नियम घातला: एक जून ही जन्मतारीख यापुढे स्वीकारली जाणार नाही.

"घे. झालं तुझं व्हॅलिडेशन, तारखेची तपासणी."

"सर, लोक दुसरी तारीख टाकतील."

"नियम कडक असला की माणसं सरळ होतात गो."

त्याच दुपारी मी राजीनामा दिला. मी त्यांना माफ केलेले नाही. कामाच्या शेवटच्या दिवशी, नवा नियम लागल्यापासूनच्या मुलुंडच्या नोंदी काढून साठीपुढचे रुग्ण मोजले. जन्मतारीख एक जून: शून्य. जन्मतारीख दोन जून: २१९.