उष्णता

समोरच्या गच्चीत कुणी चादर झटकली की मला ताई आठवते. त्या मे महिन्यात तिचं अंग नखशिखांत लाल झालं होतं, चादर झटकली की कातडीचा पांढरा कोंडा उडायचा.

"उष्णता झालीय," आई म्हणाली. मग सब्जा, गुलकंद, चंदनाचा लेप. आणि ताई भर दुपारी कुडकुडत म्हणायची, "आई, गोधडी दे गं."

"सगळी त्वचा सुजलीय, अंगातली ऊब बाहेर जातेय. उशीर केलात," डॉक्टर म्हणाले. ताई इस्पितळातून घरी आली नाही.

उष्णता. एवढ्याशा शब्दात आपण किती दुखणी कोंबतो.

आई अजूनही उन्हाळ्यात तिची गोधडी उन्हात घालते आणि ऊब जायच्या आत घडी करून तिच्या पलंगावर ठेवते.