राहिलेली साठ पावलं

आमची शेवटची शतपावली माझ्याकडून अर्धीच झाली. संध्याकाळी सातला जेवायचं आणि मग बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शंभर पावलं चालायची, हा माझ्या बायकोचा, सुमनचा, गेल्या सहा वर्षांचा कायदा. त्या दिवशी मी चाळीसला कुणाच्या तरी स्कूटरवर बसलो आणि म्हणालो, "झाली शंभर." ती चालता चालताच म्हणाली, "अहो, गिरणीत पण असंच मापायचात का?" तिनं स्वतःची शंभर पुरी केली, आणि वर माझी राहिलेली साठही घातली. "तुमच्या वाटची," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बिनसाखरेचा चहा पिऊन फिरायला जायचे बूट घालायला बसली. एक घातला... दुसरा हातात घेऊन तशीच भिंतीला टेकली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पायातला तो बूट मी काढला. नाडीची गाठ काही केल्या सुटेना.

मी चौथी शिकलेला माणूस. बिबवेवाडीत पस्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. नातीनं शुद्धलेखन तेवढं सुधारलंय, म्हणणं माझंच आहे. गेलेल्या माणसाचं चांगलं लिहितात. सुमनचं वाईट लिहायला काही नाहीच, माझं मात्र आहे, आणि ते टाळून तिचं लिहिता येणार नाही. मी तिच्यावर जळायचो. तिला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. असल्या गोष्टी आपण आठ दिवस करतो आणि सोडतो. हिनं सोडलं नाही. सकाळी सहाला बागेत जायची. तिथं दहा-बारा जणांचा एक गट होता, मोकाशी मास्तर म्हणून निवृत्त पीटीचे शिक्षक तो चालवायचे. गिरणीवाल्याच्या घरात गव्हाच्या पोळ्या मोजून दोन आणि बाकी ज्वारीची भाकरी, हा मला अपमान वाटायचा. वर्षभरात तिचे गुडघे दुखायचे थांबले, रात्री पडल्या पडल्या झोप लागायला लागली. मी तिच्याहून चारच वर्षांनी मोठा, पण दोन जिने चढलो की धापा टाकायचो. ती वरच्या पायरीवर थांबून "सावकाश या" म्हणायची. ते सावकाश मला टोचायचं.

एकदा मी तिच्या मागोमाग बागेपर्यंत गेलो, कडुनिंबाच्या आड उभा राहिलो. सगळे गोल करून उभे होते आणि सुमन मधे येऊन काहीतरी सांगत होती. मला ऐकू आलं नाही. मग सगळा गोल हसला आणि ती पण हसली, तोंड उघडं टाकून, हात वर करून. बेचाळीस वर्षं ही बाई माझ्यासमोर तोंडाला पदर लावून हसली होती. घरी आल्यावर मी म्हणालो, "बागेत बरं हसू येतं." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "घरी कोण हसवतं?" त्या दुपारी मी तिचे बूट माळ्यावर पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकले. दुसऱ्या दिवशी ती चपला घालून गेली. चौथ्या दिवशी तिनं डबा खाली काढला, बूट झटकले आणि मला एवढंच विचारलं, "तुमचाही एक जोड आणू का?" मी नको म्हणालो. तेव्हा हो म्हणायला माझं काय जात होतं...

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बागेतली माणसं भेटायला आली. मोकाशी मास्तरांना मी नीट बसा असंही म्हणालो नाही. ते म्हणाले, "दादा, तुम्हाला आम्ही सगळे ओळखतो. सुमनताई रोज तुमचंच सांगायच्या."

"काय सांगायची?"

"तुम्ही शतपावली कशी चोरता ते. चाळीसला कसे बसता, शंभर झाली म्हणता. नक्कल करायच्या तुमची. पोट धरून हसायचो आम्ही."

म्हणजे ते हसू माझ्यावरचं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण माझी नक्कल या परक्या लोकांनी सहा वर्षं रोज बघितली आणि मी एकदाही नाही, याचाच मला राग आला. ते गेल्यावर त्यांच्या चहाचे कप मी बराच वेळ उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सहाला मी बागेत गेलो. पायात चपला. गोलामध्ये एक जागा मोकळी सोडलेली होती. मी तिथं उभा राहिलो नाही, ती तिची जागा. मास्तरांना म्हणालो, "ती कशी करायची ते दाखवा." त्यांनी दोन पावलं टाकली आणि थांबले. "नाही जमत. ते त्यांनाच जमायचं."

मग मीच मधे गेलो. चाळीस पावलं टाकली, कंबर धरली, दगडी बाकावर बसलो आणि म्हणालो, "झाली शंभर." आधी कोणी हसलं नाही. मग एक बाई हसली, मग सगळे. डोळे पुसत हसले. मी त्या मोकळ्या जागेकडे बघत बसलो होतो.

मग उठलो आणि राहिलेली साठ घातली.