परबकाकांचा उसना चेहरा

परबकाकांना पहिल्यांदा बघणारा माणूस दचकायचाच. नाक तेच, जाड भुवया त्याच, टक्कलसुद्धा तिथूनच सुरू झालेलं. देशाच्या एका बड्या पुढाऱ्याचा चेहरा देवाने चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये, विमा कंपनीतल्या एका क्लार्कसाठी दुसऱ्यांदा वापरला होता. अख्खा सेक्टर त्यांना 'साहेब' म्हणायचा.

खरे साहेब सत्तेवर आले तेव्हा आमच्या साहेबांचीही चंगळ झाली. भाजीवाला कोथिंबीर जास्त घालायचा. गणेशोत्सवात त्यांना स्टेजवर बसवून हार घातला गेला. पुढे पुढे रिक्षातून जातानाही त्यांचा हात लोकांना अभिवादन करायला वर जायला लागला. "आपोआप जाता रे, मी काय करू?" ते मला म्हणायचे. काकी आतून ओरडायच्या, "घरात हात खाली ठेवा आणि कांदे चिरा!"

मग खऱ्या साहेबांचं एक भलतंच प्रकरण बाहेर आलं आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. वाट लागली आमच्या काकांची! दूध आणायला गेले तर एका आजोबांनी अडवलं, "तुम्ही सुटलात हो, आमच्या सिलिंडरचं काय?" सकाळी फिरताना कोणीतरी टोमॅटो मारला. काका तो उचलून घरी घेऊन आले. काकींनी दाबून बघितला आणि म्हणाल्या, "बरा पिकलाय. अजून दोन मारले असते तर सार झालं असतं."

एकदा आम्ही मार्व्याहून मनोरीला त्यांच्या मावसभावाकडे निघालो होतो. बोटीत दोन कोळणींनी त्यांना धारेवर धरलं. काकांनी आधी नाही-नाही म्हणून बघितलं, मग पलीकडचा किनारा येईपर्यंत मान खाली घालून शिव्या खाल्ल्या. उतरताना म्हणाले, "चुकलं आमचं. बघतो काय करता येतं ते." मी विचारलं, "काका, तुम्ही काय बघणार?" तर म्हणाले, "अरे, त्यांका कोणीतरी चुकलं म्हणूक नको?"

चार वर्षांनी खरे साहेब दणक्यात निवडून आले. सेक्टरमधली मंडळी हार घेऊन काकांच्या दारात हजर! त्यांतल्या एकाला काकांनी बरोबर ओळखलं. "तूच ना रे टोमॅटोवाला? आज काय मारतोस?"

"पेढा, काका," तो लाजून म्हणाला.

आणि गेल्या वर्षी एका सकाळी टीव्हीवर बातमी आली. खरे साहेब झोपेतच गेले. मी काकांकडे धावलो, तर दाराबाहेर चपलांचा ढीग. पांढरे कपडे घालून लोक काकांना भेटायला आले होते. काकी सगळ्यांना चहा देत होत्या. "माणूस जिवंत आहे, तरी किती गर्दी बघ," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

नाक्यावरच्या फुलवाल्या मावशी काकांचे दोन्ही हात धरून ढसाढसा रडल्या. काकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "मी आसंय ना," म्हणाले.

सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"कोणाक सांगू नको. मी त्याला आयुष्यात एकदापण मत दिलं नाही."

"मग तुमचे डोळे का लाल झालेत?"

काका टीव्हीवरच्या त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "माझ्यासारखो दिसणारो एकच होतो रे," ते म्हणाले, "तो पण गेलो."