एकाच दुकानातल्या दोन सायकली

आमच्या थोरल्या वहिनीचं पोटापाण्याचं काम म्हणजे लोकांचे कान तपासणं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला काचेची खिडकी असलेली एक बंद खोली आहे. आत पेशंट हेडफोन लावून, हातात बटण धरून बसतो. बाहेर वहिनी मशीनवरून बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच. मशीनवर दोन दिवे आहेत. वहिनीने आवाज सोडला की एक लागतो, आतल्या माणसाने बटण दाबलं की दुसरा. हे काम करून तिचे स्वतःचे कान इतके तिखट झालेत की तिसऱ्या खोलीतला नळ टपकला तरी तिची झोप मोडते.

त्यामुळे घरातल्या तक्रारी सगळ्या तिच्या. पंखा कुरकुरतो, कपाटाचं दार वाजतं, फ्रीज रात्री घोरतो. ते खरंही असायचं, पण खरं बोलणाऱ्याचं कौतुक करायची आमच्या घरात पद्धत नाही.

कौतुक सगळं धाकट्या वहिनीच्या वाट्याला. ती बाटल्या भरण्याच्या कारखान्यात होती. काहीही सांगा, ती हसून हो हो म्हणणार. माझ्या आईला टोमणे मारायची फार हौस, पण समोरासमोर नाही. ओट्याकडे तोंड करून पुटपुटायची. थोरलीला त्यातला शब्द न् शब्द ऐकू यायचा आणि ती एकही खाली पडू द्यायची नाही. धाकटी मात्र शांतपणे भांडी पुसत राहायची. "उलट उत्तर म्हणून ठाऊक नाही पोरीला," असं आई आल्यागेल्याला सांगायची आणि थोरलीच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

मी या दोघींची नणंद, म्हणजे मी कुणाचीच बाजू घ्यायची नाही असा अलिखित नियम. पण मला थोरलीच आवडायची. जळकी होती, पण लपवत नव्हती. "सहा वर्षं झाली तिला या घरात येऊन," ती मला म्हणायची, "एकदा तरी चिडली का बघ. मी काय मुद्दाम चिडते?"

बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी दोन्ही सुनांना एकेक सायकल घेऊन दिली. कंपनी एक, मॉडेल एक, आणि दुकान अर्थातच त्यांच्या कॅरमच्या जोडीदाराचं. एक निळी होती, एक तपकिरी. "तू आधी घे गं," थोरली मोठेपणाने म्हणाली. धाकटीने खरंच निळी घेतली. थोरलीचं मन त्या निळीवरच होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. बाकी कुणी पाहत नव्हतं.

थोड्याच दिवसांत तपकिरी सायकलने रंग दाखवायला सुरुवात केली. उजवा पाय खाली गेला की टक्. तिसऱ्या गिअरवर चेन जरा सटकायची. ब्रेकची मूठ ढिली. दुसरं कुणी असतं तर येताजाता दुकानात थांबून पाच मिनिटांत काम करून घेतलं असतं. पण थोरलीसाठी तो घरचा मामला होता. दुकानात जावं तर तिथे बाबा कॅरम खेळत बसलेले. सासऱ्याने दिलेल्या भेटीत, त्यांच्याच मित्राच्या दुकानात, त्यांच्याच देखत खोड काढायची? तेही तिने केलं असतं, ती काही भित्री नव्हती. तिला धसका होता तो त्यानंतर येणाऱ्या वाक्याचा. धाकटीचीही तिथलीच आहे ना, ती बोलली का काही? हे वाक्य आई बोलणार, याबद्दल तिला शंका नव्हती आणि मलाही नव्हती.

म्हणून ती रोज चौकशी करायची. "तुझी कशी चालते गं?"

"लोण्यासारखी, ताई," धाकटी मोठ्याने सांगायची. कारखान्यातून आली की तिचा आवाज जरा चढाच असायचा. आम्हाला तो उत्साह वाटायचा.

एवढं ऐकलं की थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं. आपल्याला डावी सायकल मिळाली, आणि दुकानदाराला हे माहीत होतं, कदाचित बाबांनाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. पडताळा घ्यायची सोय नव्हती. आमची गल्ली चढावर. धाकटी भल्या पहाटे निघायची ती पायडल न मारता उतारावरून सरळ खाली, आणि येताना सायकल हाताने ढकलत वर. तिची सायकल चालताना घरच्या कुणी ऐकलीच नव्हती.

एका रविवारी धाकटी माहेरी गेली होती. थोरलीने निळी सायकल बाहेर काढली. "तू माझी घे. दोन्ही चालवून बघू आणि तशाच दुकानात जाऊ. एका घरात उजवं-डावं का केलं, ते विचारतेच आज."

खालच्या सपाट रस्त्यावर तिने पहिलं पायडल मारलं आणि निळी सायकल किंचाळली. दुसरं मारलं, पुन्हा किंचाळली. गंजलेल्या बिजागरीचं दार कुणी सारखं उघडतंय, मिटतंय, तशी. फुटपाथवरची माणसं वळून पाहायला लागली. थोरली थांबली. मला वाटलं चिडेल. पण तिचा चेहरा असा फुलला होता की बढती मिळाली त्या दिवशीही मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती.

"हिची तर माझ्याहून वाईट आहे गं."

दुकान राहिलं बाजूला. ती तशीच घरी आली आणि धाकटीची वाट पाहत बसली. संध्याकाळी धाकटी अंगणात पाऊल टाकते न टाकते तोच हिने गाठलं. "तुझी सायकल एवढी ओरडते, ते कधी सांगितलं का नाहीस?"

"ओरडते? कुठे ओरडते?"

"साळसूदपणा पुरे. बाबांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलीस, असंच ना? म्हणजे पुन्हा तूच चांगली."

"अहो ताई, खरंच नाही. थांबा, दाखवते."

धाकटीने पदर खोचला, सायकलवर बसली आणि अंगणात गोल फेऱ्या मारायला लागली. सायकल प्रत्येक पायडलला किंचाळत होती. बाबांनी पेपर खाली केला. आईने दोन्ही कानांवर हात ठेवले. थोरली हाताची घडी घालून उभी होती, घरच्या साऱ्यांसमोर जिंकलेली. धाकटी आमच्यासमोर येऊन थांबली आणि नेहमीसारखी हसली.

"बघा. आहे का काही?"

मी थोरलीकडे पाहिलं. तिच्या हातांची घडी सुटली होती. ती पुढे झाली, धाकटीच्या पाठीमागे गेली आणि तिच्या खांद्याशी हळूच म्हणाली, "चहा टाकू का तुला?" धाकटी आमच्याकडेच बघत हसत राहिली.

"नाही गं, काही नाही," थोरली मग समोर येऊन मोठ्याने म्हणाली. "तरी उद्या दुकानात दाखवून आणते. दोन्ही नेते."

दुसऱ्या दिवशी बाबांच्या देखत तिने दोन्ही सायकली दुकानापुढे लावल्या. दुकानदाराने निळीचं पायडल हाताने फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "हिच्यावर रोज बसतं कोण? डोकं दुखलं नाही त्यांचं? अहो, नवी सायकल महिन्याभरात ढिली होतेच, आणून आवळून घ्यायची असते. मी सांगितलं होतं यांना." बाबा कॅरमच्या सोंगट्या लावण्यात एकदम गुंग झाले. थोरलीला एरवी हे पुराण आठवडाभर पुरलं असतं. तिने बाबांकडे पाहिलंही नाही.

त्या संध्याकाळी दुरुस्त झालेल्या निळ्या सायकलवर धाकटीने पुन्हा एक फेरी मारली. सायकलचा आता जराही आवाज येत नव्हता.

"आधीही अशीच तर होती," धाकटी म्हणाली.

मग थोरली तिला दवाखान्यात घेऊन गेली. नवीन मशीन आलंय, गंमत बघ, असं सांगून. मला सोबत नेलं, का ते बोलली नाही. धाकटी काचेपलीकडे हेडफोन लावून, बटण धरून बसली. जाड आवाजांना दोन्ही दिवे लागत होते, एकापाठोपाठ एक, आणि माझा जीव भांड्यात पडायला लागला. मग थोरलीने बारीक आवाज सुरू केले. पहिला दिवा लागला. दुसरा लागला नाही. तिने बटण फिरवून आवाज वाढवला, आणखी वाढवला. आत धाकटी हसऱ्या चेहऱ्याने आमच्याकडे पाहत होती. हेच हसू पाहून थोरली सहा वर्षं जळत आली होती.

"बाटल्या," थोरली पुटपुटली. "तिथल्या बाटल्यांच्या खणखणाटाने घात केला. आणि मी रोज हेच काम करते गं, रोज." मग ती म्हणाली, "सहा वर्षं आईंचं बोलणं मी एकटीच ऐकत होते."

पहिला दिवा पुन्हा लागला आणि विझला.

"ताई," आतून धाकटीचा चढा आवाज आला, "पुढचे आवाज कधी सुरू करताय?"

थोरलीने डोळे पुसले, माइकपाशी तोंड नेलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "करते हं. तू नीट बस."