गावातला सर्वांत चांगला

नेदरलँड्सच्या आइंडहोवनमधल्या आमच्या मराठी मुलांना शनिवारी फुटबॉल शिकवणारा तो इंग्रज बोलता बोलता सारखी मान वळवून मागे पाहतो. उमेदीची सगळी वर्षं त्याने इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या चौथ्या श्रेणीत, म्हणजे पार खालच्या पायरीवर, मिडफिल्डर म्हणून काढली. मागून कोण पायात पाय घालेल, ही धास्ती अजून गेलेली नाही. त्याच्या प्रत्येक आठवणीत चिखल असतो, लांबचा बसप्रवास असतो आणि शेवटी, "मग आम्ही हरलो."

आम्ही सगळे कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या मशीनवाले इंजिनियर. पोरांच्या कानावर असलं काही पडलेलं आम्हाला चालत नाही. परवा एका वाढदिवसाला मुलाच्या बापाने या कोचला गळ घातली, "मुलांना काहीतरी मोटिव्हेशनल सांग ना."

त्याने आधी मागे पाहिलं, मग मुलांकडे. "मी आमच्या गावातला सर्वांत चांगला खेळाडू होतो." टाळ्या पडल्या. "चौथ्या श्रेणीतला प्रत्येक जण आपापल्या गावातला सर्वांत चांगलाच असतो."

"चला, चला, केक कापू या!" बाप घाईघाईने ओरडला.

मी कित्येक वर्षं मशीनच्या एकाच व्हॉल्व्हच्या चाचण्या घेतोय. बायको हसून म्हणाली, "तूही तालुक्यात पहिला आला होतास ना रे?"

मी मान वळवून मागे पाहिलं.