तोंडभर पाणी

मुर्री गावात बोभाटा झाला की मंडईच्या जत्रेतल्या नाटकातून रंजिताला काढलं, तिला म्हणे संवादच पाठ होत नाहीत. साफ खोटं! तिला स्वतःचेच काय, सगळ्यांचेच संवाद पाठ होते. कपड्यांचं माप द्यायला आलेला प्रत्येक नट तिच्या शिलाई मशीनपुढे उभा राहून सराव करायचा. त्यामुळे दुसरा कोणी बोलू लागला की हिचेही ओठ हलायचे. शेवटी दिग्दर्शक धर्मेंद्र मास्तरांनी दम भरला, "उद्या ओठ हलले, तर तुही भूमिका तुह्या जाऊबाईले!" जाऊबाई त्याच सांजेला आरशापुढे उभ्या.

दुसऱ्या दिवशी रंजिता तोंडात पाणी धरूनच तालमीला आली. टम्म गाल पाहून जो तो विचारी, "दाढ दुखते काय वं?" ती नुसती मान हलवी.

आणि खलनायक श्यामलाल ऐन धमकी देताना अडला. मास्तरांना वहीतलं पान सापडेना. साऱ्यांच्या नजरा रंजिताकडे वळल्या.

"सांग ना वो बाई, पुढं काय हाय?" मास्तर काकुळतीला आले.

रंजितानं दाराबाहेर चूळ टाकली, पदरानं तोंड पुसलं.

"पयले सांगा मास्तर, भूमिका माही का जाऊबाईची? मंग सांगतो."